फोडायचं नाही

शोभा गेल्याची बातमी माझ्या यजमानांना राइस मिलच्या रांगेत उभं असताना फोनमध्ये दिसली. शोभा त्यांची सख्खी धाकटी बहीण, माझी नणंद. धानाचा नंबर लागायला वेळ होता म्हणून त्यांनी सहज फोन उघडला, तर समोर शोभाचा हसरा फोटो... हार घातलेला, दोन्ही बाजूंना समया, खाली गुलाबी अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तिकडे नागपूरच्या दवाखान्यात तिचे यजमान, आमचे नंदोई, अजून डॉक्टरांसमोरच उभे होते आणि घरी फोन करायला त्यांचा हात धजत नव्हता. तेवढ्यात कुण्या लांबच्या भाच्याने ही कामगिरी उरकून टाकली होती, आणि तीही शोभाच्याच ग्रुपवर. यजमान पोती तिथेच ठेवून बपेऱ्याला घरी आले आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी रडायच्या आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला. शोभाने मलाही अ‍ॅडमिन करून ठेवलं होतं, म्हणून ते जमलं. लगेच विचारणा सुरू झाली, वयनी, काहून काढला? मी लिहिलं की सख्ख्या भावाला कळायच्या आधी गावाला सांगायची घाई ज्यांना झाली होती, त्यांनी निदान या ग्रुपचा नियम तरी आठवायचा. लोकांना राग आला. येऊ दे. दीड महिना होत आला, मला त्याचं अजून काहीही वाटत नाही.

नियम एकच होता, आणि तो शोभाचा होता. कुठलंही नाटक पाहा, कादंबरी वाचा, फोनवर कथा ऐका, त्याबद्दल पोटभर बोला, दुसऱ्याला ओढ लागेल असं बोला. पण फोडायचं नाही. ‘फोडणं’ हा तिचाच शब्द. पेपर फुटला की पोरांचं वर्षभराचं काम मातीत जातं, तशी गोष्ट फुटली की ऐकणाऱ्याचं जातं, असं तिचं म्हणणं होतं. त्यात सूट नव्हती. मला नव्हती, तिच्या नवऱ्याला नव्हती, आणि पुढे कळेलच की ज्यांच्यापुढे तिने कधी मान वर केली नाही त्यांनाही नव्हती.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते मला यजमानांनीच सांगितलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. आज या गावाची, परवा त्या गावाची. पाहुणेरावळे येतात, दुकानं लागतात आणि नाटक होतं. शोभा परकरी पोर असताना एका मंडईच्या दिवशी तिला ताप भरला आणि आईने तिला घरी ठेवलं. भाऊ नाटक पाहून आला आणि पायावर पाणी घ्यायच्याही आधी त्याने सगळं सांगून टाकलं, कोण मेलं, कोण वाचलं, खरा बाप कोण निघाला. त्याला वाटलं, बहिणीला केवढा आनंद होईल. तिने पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, “तू पायलं तं पायलं. माह्यासाठी काहून संपवलं?” त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. हे सांगताना यजमान दरवेळी हसायचे. आता सांगतात तेव्हा मध्येच थांबतात...

लग्न होऊन ती सिहोऱ्याला गेली. नंदोईंचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि पुढे ते शोभाचंच झालं, कारण बायकांना हात तिच्याकडेच द्यायचा असे. बांगड्या भरताना ती गोष्ट सांगायची. नवऱ्याशी भांडून आलेली, पोराच्या निकालाने खचलेली, माहेरी जायला मिळालं नाही म्हणून फुगलेली, कुणीही असो, हात एकदा शोभाच्या हातात गेला की बाई गोष्टीत गेली. अंगठ्याचं हाड दाबून बांगडी वर सरकवायची कळ कुणाला जाणवायचीच नाही. आणि शेवटची बांगडी चढली की गोष्टही बंद. कितीही गयावया करा, पुढचं ती सांगत नसे. वाचनालयातलं ते पुस्तक काढून समोर ठेवायची, नाहीतर नाटक पुढे कोणत्या मंडईत आहे ते सांगायची. एका बाईने चिडून आणखी डझनभर बांगड्या भरायला सांगितल्या, पुढचं ऐकायला मिळेल म्हणून. शोभाने बांगड्या भरल्या, आणि पूर्ण वेळ तिच्या सुनेची चौकशी केली.

घरोघरी फोन आले तेव्हा तिने ग्रुप काढला. सुरुवातीला दुकानातल्या बायका, मग त्यांच्या बहिणी, जावा, मग कोंढ्यापर्यंतच्या कुठल्या कुठल्या लोकांची त्यात भर पडली. गोष्ट न सांगता गोष्ट चांगली आहे हे सांगायचं कसं, हा प्रश्न होताच. बायकांना लिहिता येईना. ‘छान आहे’, ‘खूप रडली’, याच्यापुढे गाडी जाईना. मग शोभाने तिची रीत काढली. गोष्टीत काय झालं ते सांगू नका, ती ऐकताना तुमच्या घरात काय झालं ते सांगा. स्वतःच तिने ग्रुपवर बोलून पहिला आवाज टाकला की चुलीवर भात ठेवला होता, तो करपला, आणि करपल्याचा वास शेजारणीला आला तरी मला आला नाही. बस. त्या रात्रीपर्यंत अर्ध्या ग्रुपने ती कथा ऐकायला घेतली होती. तेव्हापासून आमच्याकडे मोजमापच ठरलं. भात करपला म्हणजे गोष्ट सोडू नका. भात उतू गेला पण वाचला, म्हणजे बरी आहे. भात बरोबर शिजला, म्हणजे वेळ असेल तर पाहा. तळ्याची मासोळी विकणाऱ्या बेबीबाईने एकदा खालच्या आवाजात कळवलं की मांजरीने टोपलीतले झिंगे खाल्ले आणि मी पाहत बसली. त्या कादंबरीसाठी वाचनालयात भांडणं झाली. शहरातली माणसं मोठमोठे परिच्छेद लिहून गोष्टीची चिरफाड करतात, ते मी वाचलं आहे. बेबीबाईच्या झिंग्यांनी मला जेवढं पुस्तकाकडे पळवलं, तेवढं त्यांनी कधी पळवलं नाही.

मी एकदा तिला विचारलं होतं, की शेवट कळला म्हणून एवढं काय बिघडतं, आपण रामायण दरवर्षी ऐकतोच ना. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती काचेच्या बांगड्या रंगाप्रमाणे लावत होती. म्हणाली, “वयनी, आपल्याले जन्मभर सारं आधीच सांगून ठेवलं राह्यते. कोनाच्या घरी जाशील, का रांधशील, कोनापुढं डोकं झाकशील. एक गोष्ट तं अशी पायजे का पुढं का होते थे कोनालेच मालूम नाई.” मग गिऱ्हाईक आलं. मी मात्र पुन्हा तो प्रश्न कधी काढला नाही.

आता दादाजींचं सांगते. दादाजी म्हणजे शोभाचे भासरे, नंदोईंचे थोरले भाऊ. गावात वजनदार माणूस, धानाचे व्यापारी, मंडईच्या पंचांत पहिली खुर्ची त्यांची. आमच्याकडे भासऱ्यापुढे सून डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. शोभाने लग्नापासून ते पाळलं. दोघं एका घरात जेवत आणि ‘भात वाढू का विचार’, ‘नको म्हणून सांग’ असं मुलांमार्फत चालायचं. घरातले सगळे होते म्हणून दादाजीही ग्रुपवर होते. एका वर्षी ते मंडईच्या निमित्ताने कोंढ्याच्या पाहुण्यांकडे गेले आणि तिथे त्यांनी एक नवं नाटक पाहिलं. तेच नाटक चार दिवसांनी सिहोऱ्याच्या मंडईत लागणार होतं. बायकांनी माहेरवाशिणी बोलावून ठेवल्या होत्या. दादाजींनी सकाळी चहासोबत ग्रुपवर लिहून टाकलं की नाटक ठीक आहे, पण ती बाई शेवटी काय करते आणि दोष कोणाचा निघतो... सगळं. खाली सही केल्यासारखं स्वतःचं नाव.

शोभाने त्यांना ग्रुपमधून काढलं. जिने त्यांच्यासमोर कधी आवाज केला नव्हता, तिने त्यांना अंगठ्याने बाहेर काढलं, आणि ‘अ‍ॅडमिनने काढले’ हे सगळ्या गावाने वाचलं. घरात नुसता हलकल्लोळ. तिच्या सासूबाई रडल्या, नंदोईंना तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि आम्हाला बपेऱ्याला निरोप आला की तुमच्या पोरीला समजवा. बैठकीत सगळे बसले, दादाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून. ठराव असा होता की शोभाने ग्रुप बंद करावा आणि पाया पडावं. शोभा पदर कपाळापर्यंत ओढून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिने सासूबाईंच्या पायांना हात लावला, दादाजींच्या दिशेनेही वाकून नमस्कार केला, आणि मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली की वयनी, त्यांना सांगा, पाया पडली, आता ग्रुपवर यायचं असेल तर एखादी गोष्ट न फोडता सांगायची, सगळ्यांसाठी तीच वाट आहे. मी सांगितलं. खरं तर सगळ्यांनीच ऐकलं होतं. तिचा भाऊ तिला समजवायला आला होता, तो उठून बाहेर जाऊन हसत होता हे मला खिडकीतून दिसलं. दादाजी ग्रुपवर परत आले नाहीत. ते शोभाच्या जावेच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या फोनवरून सगळं ऐकतात, वाचतात, हे मात्र घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे कित्येक वर्षं हे असंच चाललं.

मग शोभा आजारी पडली. आजाराचं नाव इथे लिहीत नाही, त्याची गावात पुरेशी चर्चा झाली आहे. नागपूरचा दवाखाना सुरू झाला आणि आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ राहू लागलो. त्याच दिवसांत ग्रुपवर एका ऐकायच्या कथेने सगळ्यांना वेड लावलं होतं. मंडईच्या गर्दीत हरवलेल्या बहिणीला शोधायला एक बाई निघते, एवढंच सांगते. आठवड्याला एक भाग येत असे. अशा चुली आमच्या जिल्ह्यात आधी कधी करपल्या नसतील. शोभाला सलग ऐकवत नव्हतं. औषधाची गुंगी यायची, ती ऐकता ऐकता झोपायची, आणि दुसऱ्या दिवशी जिथून आठवतं तिथून पुन्हा लावायला सांगायची. एकच तुकडा मी तीन-तीनदा ऐकला आहे. शेवटचा भाग आला तेव्हा ती बरीच मागे होती. आणि डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं.

तेव्हापासून सगळ्यांचं एकच सुरू झालं, की सांगून टाका तिला. बेबीबाईपासून जावेपर्यंत फोन येऊ लागले. वयनी, वेळ कमी आहे, बिचारीला शेवट तरी कळू द्या. तिच्या मुलीने डोळे पुसत विचारलं, मामी, सरळ शेवटचाच भाग लावू का? मी शोभाला विचारलं. तिने मान हलवली. मधलं टाकून शेवट ऐकणं म्हणजेही फोडणंच, म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला, हेही लिहिते. माणूस चाललंय आणि कसले नियम... पण जिथे थांबली होती तिथूनच मी कथा लावली.

आणि एका दुपारी दादाजी आले. पांढरे कपडे, हातात फळांची पिशवी. ते पडद्याच्या बाहेरच थांबले आणि मला म्हणाले, “बाई, मी आयकलं हाये पूर्ण. तिले सांगून टाकतो. नाईतं जीव अटकून राहील पोरीचा.”  मला कळलं की हा माणूस भांडायला आलेला नाही. त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच होतं आणि ते द्यायला ते सिहोऱ्याहून एवढ्या लांब आले होते. मी काही बोलायच्या आत आतून शोभाचा हात वर गेलेला दिसला. डोक्यावर केस उरले नव्हते, तरी ती पदर ओढत होती. तो ओढून झाला आणि ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली.

“दादाजी, मी मरून राहिली. नियम नाई मरून राहिला.”

 मग ती जरा श्वास घेऊन म्हणाली, “आन जीव अटकला तं बरंच होईल. तेवढीच जास्त राहीन.” दादाजींनी फळांची पिशवी माझ्या हातात दिली आणि जिन्याकडे गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. शोभाने कथा लावायला खूण केली. त्यानंतरच्या दिवसांत ती हट्टाने जागी राहायची, कधी दहा मिनिटं, कधी तेवढीही नाही, आणि एक एक भाग मागे टाकत गेली. फक्त शेवटचा भाग उरला तेव्हा माझी पाळी संपून मी बपेऱ्याला आले. तिने उद्या लावू म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान राइस मिलवर गेले.

लोक म्हणाले, पाहा, तुमच्या हट्टापायी राहून गेलं. हे लोक कोण ते लिहीत नाही. त्यांना एवढंच सांगते की ती शेवटच्या दिवसापर्यंत उद्याची वाट पाहत होती. खाटेवर पडून छताकडे बघत वाट पाहायला दुसरं काही उरलेलं नसतं तेव्हा पुढे काय होईल याची ओढ असणं ही काय गोष्ट आहे, ते जवळ बसलेल्यालाच कळतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं नाही. कुणालाही घेऊ दिलं नाही. याचं मला दुःख नाही.

दहावा नदीवर झाला. पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा, अलीकडे वाळू आणि काठावर कहूची, म्हणजे अर्जुनाची झाडं. पत्रावळीवर पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे झाडावर बसले होते, चांगले पाच-सहा, पण एकही खाली येईना. ऊन चढू लागलं. नंदोई पुढे होऊन हात जोडून म्हणाले की दुकान चालू ठेवीन. कावळे जागचे हलले नाहीत. मुलगी म्हणाली, आई, मी बाबांकडे लक्ष देईन. यजमान पुढे गेले आणि नुसते हात जोडून मागे आले. भटजी घड्याळ पाहू लागले. आणि मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं की गोष्टीत जीव अडकला आहे, कुणीतरी शेवट सांगून टाका. सगळ्यांच्या माना एकदम दादाजींकडे वळल्या. ते पुढे निघालेही.  ग्रुपमधल्या कितीतरी बाया तिथे उभ्या होत्या, त्यांनी अजून शेवट ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला, शोभासोबतच ऐकायचा म्हणून थांबले होते. मी त्यांना अडवायला पाऊल उचललं.

दादाजी पिंडाजवळ गेले, खिशातून फोन काढला आणि आमच्याकडे वळले. “ज्याईनं शेवट आयकला नाई, थे बाजूले व्हा.”

कुणाला पहिल्यांदा समजलं नाही. मग बेबीबाई निघाली, मग मुलगी, मग मी यजमानांचा हात धरला, आणि दहाव्याला जमलेल्या माणसांतली अर्धी माणसं वाळू तुडवत लांब नदीच्या कडेला जाऊन उभी राहिली. भटजीही आमच्यासोबत आले, त्यांचे दोन भाग राहिले होते. दादाजींनी पत्रावळीशेजारी वाळूत फोन ठेवला, शेवटचा भाग लावला, डोक्यावरची टोपी काढली आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. आमच्यापर्यंत शब्द येत नव्हते, नुसता एका बाईचा संथ आवाज. काही बायांनी तरीही कानांवर हात ठेवले होते. पूर्ण भाग होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. आवाज थांबला तसे आम्ही सगळे झाडाकडे पाहू लागलो.

कावळा शिवला का, हे मला त्या दिवसापासून लोक विचारत आहेत. बाजारात विचारतात, फोन करून विचारतात. ग्रुप बंद करा म्हणणारेही विचारतात. ग्रुप बंद होणार नाही. दादाजी परत आले आहेत, त्यांचा पहिला आवाज असा होता की वाळूत उभा होतो, पाय भाजले ते घरी आल्यावर कळलं. कथेचा शेवट मी नंतर एकटीने ऐकला, आणि कावळ्याचं तर त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही मला माहीत आहे. यातलं एकही मी सांगणार नाही.